उघडून ठेवलेली यंत्रं

कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या कंपनीत त्याला सगळे 'होईलच' म्हणायचे. कधी बँकेतून, कधी कारखान्याच्या हिशेब खात्यातून फोन यायचा की कॉम्प्युटर बंद पडलाय, पगार अडकलेत, मोठे साहेब डोक्यावर येऊन बसलेत. हा पलीकडून शांतपणे म्हणायचा, "होईलच." मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघायचा, आणि खरोखर व्हायचं. मशीन चालू झाल्याशिवाय तो तिथला चहासुद्धा घेत नसे. नाव पडलं ते असं, कौतुकानं.

त्याच्या बायकोनं मात्र पुढे या शब्दाचा धसका घेतला.

ती विमा कचेरीत टायपिस्ट होती. त्यांच्या हॉलमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्या टायपिस्ट धास्तावल्या होत्या. हे धूड आपली नोकरी खाणार, असं प्रत्येकीला वाटत होतं. ते बसवायला हाच आला होता. तिनं जरा चिडूनच विचारलं की याच्यात रिबन कुठून घालायची. बाकीच्या फिदीफिदी हसल्या. तो हसला नाही. त्यानं तिला प्रिंटरपाशी नेलं, झाकण उघडलं आणि रिबन कुठून जाते, कुठे अडकते, बोटांना शाई न लागू देता ती कशी बदलायची, ते नीट समजावून दिलं. आपल्या प्रश्नाला न हसणारा माणूस तिच्या मनात भरला. पुढे लग्न झालं, तिसऱ्या मजल्यावर मागे छोटी खोली असलेलं घर झालं, मुलगी झाली.

घरात पाऊल टाकलं की मात्र त्याच माणसाला काय व्हायचं कोण जाणे. दाराची घंटा त्यानं दुरुस्तीला उघडली ती उघडीच राहिली. भिंतीतून दोन वायरी बाहेर लोंबत होत्या आणि पाहुणे दार बडवत होते. कपाटाचं हँडल काढलं, ते खिडकीत ठेवलं, आणि खिडकी साफ करताना ती दर वेळी ते उचलून पुन्हा तिथंच ठेवायची. बोललं की उत्तर ठरलेलं, होईलच. एकदा तिनं खनपटीलाच बसून विचारलं की लोकांची कामं तडीला जातात, मग घरचीच भिजत घोंगडी का. तो म्हणाला, "तिथं समोर माणूस ताटकळत उभा असतो. तू काय, घरातलीच. तू कुठे पळून जाणार आहेस?"

त्या वेळी तिला हसू आलं होतं. नवं लग्न होतं.

पुढे कंपनीनं जुनी मशिनं मोडीत काढायला सुरुवात केली. जी त्यानं स्वतःच्या हातांनी बसवली, वर्षानुवर्षं जगवली, ती गोदामाच्या मागं एकावर एक रचून ठेवलेली. त्याला ते बघवेना. एक घेऊन आला. जड, मातकट रंगाचं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारं. तिनंच मागच्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं. माणसाला काहीतरी छंद हवा, असं तिला वाटलं. मग दुसरं आलं, पहिल्याला सुटे भाग हवेत म्हणून. तिसरं आलं ते दुर्मीळ आहे म्हणून. चौथ्याला काही कारणच लागलं नाही. हळूहळू मागची खोली भरली. भिंतीकडे तोंड करून ठेवलेले पडदे, ताटांसारखे एकावर एक रचलेले कीबोर्ड, खिळ्यांना लोंबणाऱ्या केबली. जुन्या बॅटऱ्या गळून बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर चढायचा, तो काढायला तो व्हिनेगर वापरायचा. मग वायरी जोडताना सोल्डरचा धूर. घरात येणाराजाणारा आधी नाक मुरडायचा आणि मग कसं काय विचारायचा.

एकही मशीन पूर्ण होत नव्हतं. तसा तो आळशी नव्हता, तासन्‌तास आत असायचा. पण एखाद्याचं दुखणं नेमकं कुठे आहे हे कळलं, की त्याचा जीव त्यातून उडायचा. उपाय सापडला म्हणजे काम झालं, असं त्याचं आतल्या आत ठरलेलं असावं. मग ते तसंच, पोट उघडं टाकून, दुसऱ्याकडे वळायचा. स्क्रू निरनिराळ्या डब्यांत ठेवलेले असत, डब्यांवर काही लिहिलेलं नसे. कुठले स्क्रू कुठल्या मशीनचे, कुणाचा भाग काढून कुणाला लावलाय, हे तिनं विचारलं की तो कपाळावर बोट टेकवायचा. "सगळं इथं आहे."

मुलगी मोठी झाली तेव्हा ती खोली तिला द्यायची ठरली होती. तो हो म्हणाला होता. मुलीनं खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा ठरवला होता. परीक्षेचं वर्ष आलं, सरलं, मुलीनं सगळा अभ्यास स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या ऐकत केला. तिनं कधी आदळआपट केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, बाबांना माझ्यात काही बिघाड दिसत नाही ना, म्हणून." पुढे नोकरी लागली ती दुसऱ्या शहरात, आणि तिनं ती मुद्दाम दूरची घेतली, हे आईला न सांगता कळलं. फोन आईला यायचा. बाबा कसे आहेत, असं ती विचारायची आणि आई सांगायची, चाललंय त्यांचं.

तो निवृत्त झाला, मागोमाग तीही झाली. घरी येणाऱ्यांत एकटे मास्तर उरले. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, विधुर होते, आणि त्यांनाही हाच नाद होता. पण त्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्याकडे मोजकीच मशिनं, सगळी चालू, सगळ्यांवर कापडी झाकणं. आठवड्यातून एकदा ते यायचे, मागच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय हो, दवाखाना आहे की खाटीकखाना?" तो मनापासून हसायचा. तिला मास्तर आवडायचे, कारण ते आपल्या चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचे.

नंतर तिनं मागे वळून पाहिलं तेव्हा तिला पुष्कळ काही आठवलं. त्या वेळी त्यातलं काही खटकलं नव्हतं.

तो एकदा भाजी आणायला गेला आणि नुसती पिशवी घेऊन परत आला. ती म्हणाली, लक्ष त्या डबड्यांत, दुसरं काय. रस्त्यात भेटलेल्या जुन्या सहकाऱ्याशी तो भरभरून बोलला, पण घरी येऊन ते कोण होते, हे सांगू शकला नाही. ती म्हणाली, माणसांची नावं तुम्हाला होती कधी लक्षात? नळाचा वॉशर बदलायला बसला आणि नळ सोडून उठला. ती म्हणाली, आता तो नळ जन्माचा असाच राहणार. नळ तसाच राहिला, आणि तिला आपण बरोबर बोललो असं वाटलं.

आणि एक दुपार. तो खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "जरा माझ्याजवळ येऊन बसतेस का?" इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी आत बोलावलं नव्हतं, कुणी जवळ उभं राहिलं तरी त्याचा हात अडायचा. तिला वाटलं, आपण सकाळी बोललो ते लागलंय, म्हणून लाडीगोडी चाललीय. तरी गेली. त्यानं तिच्या हातात टॉर्च दिला. एक बोर्ड उचलला, पाहिला, ठेवला. मग तिच्याकडे बघून विचारलं, "आत्ता मी काय करत होतो?"

ती म्हणाली, "मला काय ठाऊक? गॅसवर भाजी आहे माझी." टॉर्च टेबलावर ठेवून ती निघून आली.

त्यानंतर काही दिवसांनी गावातल्या एका तंत्रविद्यालयाच्या प्राध्यापकीण बाई आल्या. त्यांना जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरवायचं होतं, मुलांना दाखवायला. मास्तरांची मशिनं ठरलीच होती. त्यांना याच्याकडचं एक दुर्मीळ मशीन हवं होतं, चालू स्थितीत. तो म्हणाला, "होईलच." बाई खूश होऊन गेल्या. या वेळी तारीख होती, समोर ताटकळणारा माणूस होता, म्हणून बायकोच्याही मनात जरा आशा पालवली. एक तरी मशीन लोकांत जाईल, चार लोक वाखाणतील. ती त्याला चहा आत नेऊन देऊ लागली.

तो कामाला लागला खरा. सकाळी न्याहारी करून आत जायचा तो जेवायला हाक मारेपर्यंत. पण आतून पूर्वीसारखे आवाज येत नव्हते, पक्कड टेबलावर टाकल्याचे, स्वतःशीच शीळ घातल्याचे. ती चहा घेऊन गेली की तो स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसलेला दिसायचा. त्या मशीनशी ताडून बघायला त्यानं तसलंच दुसरं उघडलं. मग तिसरं. टेबलावर जागा उरली नाही तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून चौथं. एका दुपारी त्यानं तिला विचारलं की यातलं प्रदर्शनाचं कुठलं. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मास्तर बघायला आले. तो म्हणाला, झालंच आहे, आता फक्त चालू करायचं. त्यानं प्लग लावला, बटण दाबलं. आत फट्‌ असा आवाज झाला, मागच्या जाळीतून धूर आला आणि खोलीभर कुजकट, जळकट वास पसरला. मास्तरांनी झटकन प्लग ओढला. झाकण काढून दोघं आत वाकले. कपॅसिटर नावाचा एक डबीएवढा भाग असतो, त्याच्या अंगावर एका बाजूला पट्टा असतो, तो कुठल्या बाजूला यायला हवा हे बोर्डावर छापलेलं असतं. चुकून उलटा लागला तर तो फुटतो. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात ती गोष्ट. फुटलेला कपॅसिटर उलटा होता. त्याच्या शेजारचाही उलटा होता.

त्यानं दोन्हींवरून बोट फिरवलं. मग मास्तरांना म्हणाला, "कोणी लावलेत हो हे?"

मास्तर सावकाश सरळ झाले. त्यांनी खिडकी उघडली, चहा न घेताच निघाले आणि जिन्यावर तिला बाजूला घेतलं. म्हणाले, वहिनी, याला डॉक्टरकडे न्या. तिला त्यांचा रागच आला. म्हणाली की तुम्ही आज पाहताय, मी जन्मभर पाहत आलेय, ते असेच आहेत, कुठली गोष्ट त्यांनी धड पुरी केलीय? मास्तर खालच्या पायरीवर उभे होते, टोपी हातात घेऊन.

"वहिनी, पुरी न करणं वेगळं," ते म्हणाले. "त्यानं ते पुरं केलं होतं. उलटं केलं होतं."

ती दार लावून आत आली. तो सिंकपाशी उभा राहून हात धूत होता, धूतच होता. तिनं जाऊन नळ बंद केला.

डॉक्टर तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं. त्यानं सुंदर गोल काढला, हात अजून तयार होता, आणि आकडे सगळे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले. मग काटे काढायचे सोडून पेन्सिल ठेवली. डॉक्टरांनी निदान सांगितलं; मेंदू हळूहळू झिजत जातो, हे परत फिरत नाही, आता ही झीज जेवढी सावकाश करता येईल तेवढी करायची. मग तिच्याकडे वळून विचारलं, हे साधारण केव्हापासून आहे?

ती आठवू लागली. नळ कधीचा? भाजीची पिशवी कधीची? दाराची घंटा तर लग्नानंतरची होती. कुठपर्यंत तिचा नवरा होता आणि कुठून पुढे आजार, ही रेघ तिला कुठे ओढताच येईना. इतर बायकांच्या नवऱ्यांनी काम अर्धवट टाकलं असतं तर त्या दुसऱ्याच दिवशी दचकल्या असत्या. तिच्या घरात हा आजार राजरोस दारातून आला होता, आणि तिनं त्याला घरातलाच समजून वाढलं होतं. "मला नाही सांगता येणार," एवढंच ती म्हणाली.

तिनं मुलीला फोनवर सांगितलं. मुलगी म्हणाली की मी येते. आली, आणि पहिला दिवस वडिलांशी काय बोलावं हे न कळून भांडी घासत राहिली. तिचा सगळा राग ज्या माणसावर होता तो माणूस आता हजर नव्हता. राग मात्र तसाच होता, आणि त्याला जायला जागा नव्हती. जाताना तिनं वडिलांच्या शर्टाचं बटण लावलं. त्यांनी तिला "थँक्यू मॅडम" म्हटलं. ती टॅक्सीत बसेपर्यंत नीट होती.

पुढचं वर्ष वाईट गेलं. त्याला काहीही उघडायची खोड लागली. हातात जुनी कला शाबूत होती, पण ती एकाच दिशेनं चालायची. उघडण्याच्या. मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, रेडिओ उघडला. एकदा ती बाजारातून आली तर बाहेरच्या दाराचं कुलूप आतून खोलून त्याचे तुकडे रुमालावर ओळीनं मांडलेले, आणि दार वाऱ्यानं हलत होतं. गोळ्यांच्या पट्ट्या फोडून सगळ्या गोळ्या वेगळ्या केल्या. हत्यारं लपवली तर चमच्यानं, नखानं उघडायचा, बोटांतून रक्त यायचं. अडवलं तर अंगावर यायचा. ज्या माणसानं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता त्यानं तिला एकदा भिंतीवर ढकललं, आणि मग ती रडतेय बघून घाबरून विचारलं की तुम्हाला कुणी मारलं. ती म्हणाली, कुणी नाही.

मास्तरांनी तोड काढली. त्यांनी मागच्या खोलीतून एक लहानसं मशीन निवडलं, त्यातला वीज साठवून ठेवणारा धोक्याचा सगळा भाग काढून टाकला, टोकदार कडा कानशीनं घासल्या आणि ते त्याच्यापुढे जेवणाच्या टेबलावर ठेवलं. हातात त्याचाच जुना स्क्रू-ड्रायव्हर दिला. तो बसला. झाकण काढलं, बोर्ड सोडवला, केबली अलग केल्या, सगळं बाजूला मांडलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दुपारी तो झोपला तेव्हा प्रश्न पडला की उद्या काय. मास्तर म्हणाले, उद्या हेच. आपण आता बंद करून ठेवू.

तेव्हापासून तो सकाळी उघडायचा आणि ती दुपारी बंद करायची. पहिले काही दिवस मास्तर रोज येऊन दाखवत राहिले. लांब स्क्रू खालचे, आखूड वरचे, रुंद केबल आधी, झाकण शेवटी. टाइप करून करून तिची बोटं चपळ होती, तिला लवकर जमलं. जन्मभर ज्या डबड्यांना तिनं फडक्याशिवाय हात लावला नव्हता त्यांतलं एक आता तिला डोळे मिटून लावता येत होतं. मास्तर म्हणायचे की वहिनी, तुम्हाला आधी शिकवलं असतं तर त्या खोलीतली निम्मी मशिनं आज चालती असती. ती म्हणायची, मला विचारलं कुणी होतं? मग तिला टॉर्च आठवायचा आणि ती पुढचा स्क्रू उचलायची. कधी स्क्रू आवळता आवळता तिला अशी चीड यायची की सगळं उचलून खिडकीतून खाली भिरकावून द्यावं. पुष्कळदा ती चीडच तिला दिवस ढकलायला पुरायची.

मग त्याच्यासाठी बाई ठेवावी लागली, बाईला झोपायला जागा हवी, आणि मागची खोली रिकामी करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. मुलगी रजा काढून आली. मास्तरांच्या ओळखीनं एका संग्रहालयाची दोन माणसं आली, हातमोजे घालून, फार आदबीनं. त्यांनी दिवसभर एकेक मशीन तपासलं. बाहेर आली तेव्हा त्यांचे चेहरे उतरलेले होते. त्यांतला थोरला म्हणाला की यांच्याकडे जे आहे ते खरंच कुठे मिळत नाही, पण एकही मशीन अख्खं नाही. याचं पोट त्याच्यात, त्याचा मेंदू तिसऱ्यात, आणि काही भाग उलटसुलट लावून जळलेले. हे ज्यानं केलं त्यालाच ते सोडवता येईल. बोलल्यावर त्याला कळलं की आपण कुणाच्या घरात बसलोय. त्यानं माफी मागितली. ती म्हणाली, खरं तेच बोललात.

त्यांनी थोडकी नेली. उरलेलं न्यायला भंगारवाले आले. मुलगी जिन्यात उभी राहून वाट दाखवत होती, मास्तर पाठ करून खिडकीशी उभे होते. तिला भीती होती ती नवऱ्याची. तो उठला, भंगारवाल्यांकडे गेला, एका मशीनचा जड पडदा दोघांना झेपत नाही बघून त्याचा कोपरा स्वतः धरला. जिन्यापर्यंत पोचवून आला. मग हात झटकत तिला विचारलं, "कुणाचं एवढं सामान?"

"होतं एकांचं," ती म्हणाली.

"बरंच जमवलं होतं बिचाऱ्यानं," तो म्हणाला आणि टेबलाशी जाऊन बसला.

मुलगी जिन्यातून वर आली ती सरळ न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. नंतर बाहेर येऊन वडिलांशेजारी बसली. त्यांनी सोडवलेले स्क्रू ती तळहातावर घेत राहिली. ते देत होते, ती घेत होती. असं ती लहान असतानाही कधी झालं नव्हतं. रजा संपेपर्यंत ती रोज तशी बसली.

हिवाळ्यात एका सकाळी बायकोनं नेहमीसारखं मशीन त्याच्यापुढे ठेवलं, स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला. त्यानं तो निरखून पाहिला आणि टेबलावर आडवा ठेवला. तिला वाटलं, आज मन नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनंच झाकणाचा एक स्क्रू सैल करून दाखवला, जसं लहान मुलाला पहिला घास भरवून दाखवावा. तो तिच्या हाताकडे न बघता भिंतीकडे बघत राहिला. दुपारी बंद करायला काही नव्हतं. तिला वाटलं होतं की हा जाच संपेल तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकू. ती बंद मशीनसमोर बसून राहिली आणि तिचे हात मांडीवर नुसते पडून होते.

नंतर तो फार उठला नाही. गिळणं जड झालं, छातीत कफ झाला. तो गेला तेव्हा दुपार होती, बाई खाली औषध आणायला गेली होती, आणि बायको त्याची नखं कापत होती. एका हाताची झाली होती. तिनं दुसऱ्याही हाताची सावकाश कापून पूर्ण केली आणि मगच मुलीला फोन लावला.

सगळे आले, गेले. मुलगी महिनाभर राहिली आणि आईला बरोबर चल म्हणाली. ती नको म्हणाली. मागची खोली रंगवून घेतली, तिथं खाट टाकली, पण तिला तिथं झोप येईना, म्हणून पुन्हा पुढच्या खोलीत झोपू लागली. मास्तरांचं येणं चालू होतं. आता करायला काही नव्हतं. दोघं बसायची, पेपर वाचायची, मास्तर कप विसळून ठेवायचे.

एका दुपारी मास्तर सांगत होते की त्यांच्या खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, त्यांचं कुत्रं जिन्यात झोपतं. ती हं हं म्हणत शेंगा सोलत होती. थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "बरं का वहिनी, आमच्या खाली नवे भाडेकरू आलेत. त्यांचं कुत्रं आहे एक."

शेंगा सोलणारा तिचा हात थांबला. तिनं भांडं खाली ठेवलं.

"मास्तर, हे तुम्ही आत्ताच सांगितलंत मला."

मास्तर हसले. म्हणाले, वय झालं आता, होतं असं. ती हसली नाही. तिनं त्यांच्या मुलाचा नंबर मागितला, तो द्यायला ते का-कू करू लागले, तर तिनं त्यांच्याच फोनमधून शोधून काढला. दुसऱ्या दिवशी मुलाला कामामुळे जमत नव्हतं, म्हणून ती स्वतः मास्तरांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. सबंध वाटेवर मास्तर कुरकुरत होते की वहिनी, एक गोष्ट दोनदा काय सांगितली, तुम्ही लगेच मला दवाखान्यात ओढत नेताय. तिनं त्यांना कुरकुरू दिलं. रस्ता ओलांडताना त्यांचा दंड घट्ट धरला.

डॉक्टरांनी पुष्कळ काही विचारलं, घड्याळ काढायला लावलं, आणि तूर्तास तरी विशेष काही दिसत नाही, झोप नीट होत नसावी, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं सांगितलं. मास्तर बाहेर आले ते छाती काढूनच. वर तिला टोमणा मारला की उगाच माझी सकाळ घालवलीत.

ती म्हणाली, "घालवली तर घालवली. सहा महिन्यांनी पुन्हा घालवणार आहे."

आणि रिक्षा बोलवायला ती पुढे झाली.